फॉरमॅट मारण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीनं विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. वर्तमानपत्रात ही बातमी वाचून अनेकांनी पान उलटलं असेल. अमेरिकेतल्या कंपनीच्या निर्णयाचं हिंगोली जिल्ह्यात कोणाला काय, असं वाटणं साहजिक आहे. पण सेनगावच्या सेवा केंद्रात सातबाऱ्याचा उतारा निघतो तो संगणकावर, वसमतच्या आडतीत हळदीची पट्टी होते ती संगणकावर, आणि कळमनुरीत लग्नाची पत्रिका जुळवली जाते तीही संगणकावरच. यातल्या कितीतरी संगणकांमध्ये विंडोज १० आहे, काहींत तर त्याहूनही जुनी विंडोज ७ आहे. त्यामुळे एक प्रश्न आता गावोगावी विचारला जातो : ‘अपग्रेड करू की फॉरमॅट मारून नवीन टाकू?’

हा प्रश्न आपण बहुधा दुरुस्तीवाल्याला विचारतो आणि तोही बहुधा पटकन उत्तर देतो, ‘फॉरमॅट मारून टाकू, एकदम नव्यासारखा होईल.’ संगणक नव्यासारखा होतोही. पण त्यात असलेलं आपलं काय काय परत येईल, हे त्या दुरुस्तीवाल्याला ठाऊक नसतं. ते फक्त आपल्याला ठाऊक असतं. म्हणून या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्याकडंच आहे. ते कसं शोधायचं, याबद्दल आज बोलू या.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करतो. देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडला असं नाही. विंडोज १० त्या तारखेनंतरही चालू होते, टाइप होतं, प्रिंट निघते. थांबतात त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. कोणत्याही मोठ्या प्रणालीत फटी सापडत राहतात आणि कंपनी त्या बुजवत राहते. बुजवणं थांबलं की फटी तशाच राहतात. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या व्हायरसनं जगभरातल्या संगणकांमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. इंग्लंडमधली रुग्णालयं त्यात अडकली, आपल्याकडं आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही अडकले. ज्या फटीतून तो व्हायरस शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७मध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले. सेवा केंद्राच्या संगणकातून रोज शेकडो लोकांचे आधार क्रमांक आणि बँक पासबुकाच्या प्रती जातात. म्हणून तिथं हा विषय टाळता येत नाही.

दोन वाटा

आता अपग्रेड म्हणजे काय आणि क्लीन इन्स्टॉल, म्हणजे आपल्या भाषेत फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकणं, म्हणजे काय? आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण घेऊ. पूर्णा ते अकोला हा हिंगोलीवरून जाणारा लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. २००८च्या सुमारास तो ब्रॉडगेज झाला आणि हे अंतर १ मीटर ६७.६ सेंटिमीटर झालं. गावं तीच राहिली, दिशाही तीच राहिली. पण रूळ उचलावे लागले, आणि मीटरगेजचे जुने डबे त्या नव्या रुळांवर धावू शकत नव्हते. क्लीन इन्स्टॉलचं साधारण असंच आहे. संगणकाची पेटी तीच, पडदा तोच, पण आतले रूळ नवे. जुन्या रुळांवर चालणारे सगळे प्रोग्रॅम पुन्हा नव्यानं आणून बसवावे लागतात. जे पुन्हा मिळत नाहीत, ते गेले.

अपग्रेडमध्ये असं होत नाही. तिथं नवी विंडोज जुन्या विंडोजच्या जागी येते आणि आपल्या फायली, बसवलेले प्रोग्रॅम, प्रिंटर, सेटिंग हे सगळं उचलून नव्या घरात मांडून देते. जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवलेली असते. नवी पटली नाही तर साधारण दहा दिवसांच्या आत सेटिंगमध्ये जाऊन परत जुन्यावर जाता येतं. दहा दिवसांनंतर तो परतीचा रस्ता बंद होतो. म्हणून अपग्रेड केल्याबरोबर ‘जागा अडली आहे’ म्हणून ते फोल्डर पुसून टाकू नये, आणि पहिल्याच आठवड्यात आपली नेहमीची सगळी कामं एकेकदा करून बघावीत.

मग ‘अपग्रेड करू नको, फॉरमॅटच मार’ हा सल्ला आला कुठून? त्याला इतिहास आहे. विंडोज ९८च्या काळात अपग्रेड म्हणजे जुन्या फायलींवरच नव्या फायली चढवणं असायचं. माळवदाच्या गळक्या छतावर मातीचा आणखी एक थर टाकावा तसं. काही दिवस बरं चालायचं, मग गळायचं ते गळायचंच. विंडोज एक्सपी २००१मध्ये आली, तेव्हाही जुन्या यंत्रावर चढवलेली एक्सपी रखडायची आणि कोरी टाकलेली एक्सपी पळायची. त्या काळात संगणक शिकलेल्या पिढीच्या मनात फॉरमॅट पक्का बसला. सहा महिन्यांनी एकदा फॉरमॅट मारणारे लोकही होते. पण २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पद्धत बदलली. तेव्हापासून अपग्रेडमध्येही नवी प्रणाली आधी कोरी मांडली जाते आणि नंतर जुनं सामान तिच्यात आणलं जातं. त्यामुळे आजचं अपग्रेड पूर्वीपेक्षा पुष्कळ भरवशाचं आहे. जुना सल्ला जुन्या काळात बरोबर होता. तो आज डोळे झाकून पाळायचं कारण नाही.

आधी यंत्राला विचारा

कोणती वाट धरायची हे ठरवण्याआधी यंत्र काय म्हणतं ते पाहावं लागतं. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१मध्ये आली आणि तिच्या अटी कडक आहेत. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा हव्यात, हे समजण्यासारखं आहे. त्याशिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, सिक्युअर बूट चालवू शकणारी यूईएफआय हवी, आणि प्रोसेसर ठरावीक पिढीपासून पुढचा हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे ढोबळमानानं २०१७च्या अखेरीनंतरचा. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा फुकट प्रोग्रॅम चालवला, की आपलं यंत्र बसतं का नाही आणि नसेल तर कोणत्या अटीत अडतं, ते तो सांगतो. कधी कधी टीपीएम असतं पण बंद ठेवलेलं असतं. ते बायॉसमध्ये जाऊन चालू करता येतं. म्हणून ‘बसत नाही’ हे उत्तर आलं तरी कारण वाचल्याशिवाय यंत्र भंगारात काढू नका.

आणखी एक अट अनेकांना अडवते. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या संगणकांमध्ये ३२ बिटची विंडोज टाकलेली आहे, कारण रॅम कमी होती. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे आणि ३२ बिटवरून ६४ बिटवर अपग्रेड करताच येत नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी विंडोज कोरीच टाकावी लागते. इथं निवड उरत नाही. ‘दिस पीसी’वर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या, की आपली प्रणाली किती बिटची आहे ते अर्ध्या मिनिटात कळतं.

यंत्र विंडोज ११मध्ये बसत नसेल तर काही दुरुस्तीवाले अटींना बगल देऊनही ती टाकून देतात. ती चालतेही. पण अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. ज्या सुरक्षेसाठी हा सगळा खटाटोप करायचा, तीच पुन्हा बेभरवशाची होते.

कोणाला काय सोयीचं

समजा यंत्र बसतं आणि दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. मग निवड कशी करायची? तीन दुकानं डोळ्यांसमोर आणू.

पहिलं, सेवा केंद्र. इथं फायली कमी महत्त्वाच्या आणि जोडण्या जास्त महत्त्वाच्या. बोटाचा ठसा घेणारं यंत्र, त्याची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीचं टोकन, त्याचा ड्रायव्हर, सही करणारा प्रोग्रॅम, दोन प्रकारचे प्रिंटर, स्कॅनर. यातली प्रत्येक गोष्ट कधीतरी कोणीतरी बसवून दिलेली असते आणि ती कशी बसवली हे आता आठवत नसतं. अशा ठिकाणी यंत्र ठणठणीत असेल तर अपग्रेड बरं. फॉरमॅट मारला तर हे सगळं नव्यानं बसवायला दोन दिवसही लागू शकतात. आणि ते दोन दिवस पीकविम्याच्या शेवटच्या तारखेचे निघाले, तर तुमच्या दारात उभा असलेला शेतकरी त्या हंगामापुरता विम्याबाहेर राहतो. एक दिलासा असा, की डिजिटल सही टोकनमध्येच असते, संगणकात नसते. फॉरमॅटनं ती जात नाही. पण टोकनचा पिन आठवला पाहिजे. आणि ड्रायव्हर बसवताना ‘इनिशियलाइज’ असा पर्याय समोर आला तर त्याला हात लावायचा नाही. त्यानं टोकनमधली सही पुसली जाते आणि नव्यानं काढावी लागते.

दुसरं, पत्रिका, अहवाल आणि फ्लेक्स करणारं डीटीपीचं दुकान. इथं प्रश्न मराठी अक्षरांचा आहे. युनिकोडच्या आधीचं मराठी टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचे डीव्हीबी फाँट यांत झालं. या फाँटमध्ये ‘क’ असं दिसत असलं तरी आत साठवलेलं चिन्ह इंग्रजी अक्षराचं किंवा भलत्याच खुणेचं असतं. फाँट असेपर्यंत मराठी दिसतं. फाँट गेला की तीच फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा काला दिसतो. म्हणजे फाइल जपून ठेवली, पण वाचता येत नाही. ग्रामपंचायतीचे जुने अहवाल, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, देवस्थानाच्या वर्गणीदारांची यादी अशा कितीतरी गोष्टी आज या अवस्थेत आहेत. म्हणून अशा दुकानात फॉरमॅटच्या आधी विंडोजमधलं फाँटचं फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवणं हे फायली कॉपी करण्याइतकंच गरजेचं आहे. ज्या मराठी पॅकेजला हार्डवेअर लॉक, म्हणजे डोंगल लागतं, त्याची सीडी आणि त्याचं नव्या विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर हाताशी आहे का, तेही आधी पाहायला हवं. पेजमेकर तर २००१ साली आलेल्या सातव्या आवृत्तीवरच थांबलं. त्याची सीडी हरवली असेल तर बसवलेलं पेजमेकर हीच तुमची एकमेव प्रत.

टायपिंगची परीक्षा रेमिंग्टन पद्धतीनं दिलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. विंडोजबरोबर मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड येतो, रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सोयही येते, पण रेमिंग्टन वेगळा बसवावा लागतो. गूगलनं विंडोजवर उतरवून घ्यायचं आपलं इनपुट टूल देणं केव्हाच बंद केलं. जुन्या यंत्रात ते असेल तर फॉरमॅटनंतर अधिकृतपणे परत मिळत नाही. फॉरमॅटनंतर पहिल्या सकाळी गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, बोटं सवयीनं चालतात आणि पडद्यावर भलतंच उमटतं. ही वेळ टाळता येण्यासारखी आहे.

तिसरं, आडत दुकान. इथं हिशेब. टॅली असेल तर तिच्यातूनच बॅकअप काढून पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि परवान्याची माहिती लिहून ठेवायची. पण काही जुन्या पेढ्यांवर अजूनही डॉसमधल्या फॉक्सप्रोत केलेली बिलांची पद्धत चालते. असे १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर चालतच नाहीत, मग अपग्रेड करा की फॉरमॅट मारा. त्यासाठी डॉसबॉक्ससारखा वेगळा प्रोग्रॅम लावावा लागतो किंवा नवी पद्धत घ्यावी लागते. हे नवी विंडोज टाकून झाल्यावर कळलं, तर हळदीच्या हंगामात पट्ट्या हातानं लिहायची पाळी येते.

या तिन्ही दुकानांना एक गोष्ट लागू आहे. यंत्र आजारी असेल तर अपग्रेड करू नका. न उघडलेल्या जाहिराती आपोआप उघडतात, अँटिव्हायरस पुन्हा पुन्हा काहीतरी पकडतो, विनाकारण निळा पडदा येतो, अशी लक्षणं असतील तर अपग्रेडमध्ये तो आजारही नव्या घरात सामानाबरोबर येतो. चोरटी विंडोज असेल आणि ती एखाद्या क्रॅकनं चालू केलेली असेल, तर तो क्रॅकही येतो. हराळी माजलेल्या रानात वखर फिरवून भागत नाही, नांगरटच करावी लागते. तसंच जुना संगणक विकत घेतला असेल, आधीच्या मालकानं त्यात काय केलं होतं हे माहीत नसेल, तर पहिल्याच दिवशी कोरी विंडोज टाकावी. संगणक कोणाला देऊन टाकायचा असेल तरी तेच करावं.

कोरी विंडोज टाकताना ती कुठून आणली याला महत्त्व आहे. दुरुस्तीवाल्याच्या खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये काय आहे, आपल्याला माहीत नसतं. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ घेऊन किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती स्वतः करून घेता येते. लॅपटॉप विकत घेताना त्यात विंडोज ८ किंवा पुढची अधिकृत विंडोज असेल, तर तिची किल्ली बहुधा यंत्राच्या मदरबोर्डमध्येच नोंदलेली असते आणि तीच आवृत्ती टाकली की विंडोज आपोआप चालू होते. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर का, असं विचारायला हरकत नाही.

‘डी’ ड्राइव्हचा भरवसा

आपल्याकडं एक वाक्य फार ऐकू येतं : ‘सगळं डी ड्राइव्हला टाकून ठेवलंय, काही जाणार नाही.’ सी आणि डी या बहुतेक संगणकांमध्ये एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. घर जळालं तर दोन्ही खोल्या जळतात. डिस्क खराब झाली तर दोन्ही जातात. फॉरमॅट करताना चुकीच्या ओळीवर क्लिक झालं तर सी राहतो आणि डी जातो. आणि खरं सांगायचं तर सगळं डी ड्राइव्हवर नसतंच. रोजच्या घाईत माणूस फाइल ठेवतो ती डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये, आणि हे दोन्ही सी ड्राइव्हवर असतात. फॉरमॅटनं ते जातात. व्हॉट्सॲपवरून उतरवलेले वडिलांचे शेवटचे फोटो, मुलाच्या जातीच्या दाखल्याची स्कॅन केलेली प्रत, बहुतेक वेळा तिथंच असतात.

म्हणून अपग्रेड असो की फॉरमॅट, आधी एक कागद घ्या आणि तीन भागांत यादी करा.

पहिला भाग, जे दुसरीकडं कुठंच नाही : फोटो, हिशेब, पत्रं, स्वतः टाइप केलेलं सगळं. हे संगणकाबाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, शक्य तर दोन ठिकाणी. दुसरा भाग, जे पुन्हा बसवता येतं पण त्यासाठी काहीतरी लागतं : सीडी, परवाना क्रमांक, डोंगल, ड्रायव्हर, फाँट, टोकनचा पिन. प्रत्येकापुढं ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहा. तिसरा भाग, पासवर्ड. ब्राउझर आपोआप भरून देतो म्हणून कितीतरी पासवर्ड आपल्याला माहीतच नसतात. ब्राउझरचं फोल्डर कॉपी करून ते बहुधा परत मिळत नाहीत, कारण बहुतेक ब्राउझरमध्ये ते जुन्या विंडोजच्या खात्याशी बांधलेले असतात. ते आधी बाहेर काढून घ्यावे लागतात किंवा ब्राउझर आपल्या खात्याशी जोडून ठेवावा लागतो. आणि ज्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू आहे, त्याची ४८ आकडी रिकव्हरी किल्ली कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल तर कधी कधी आपलंच कपाट आपल्याला उघडत नाही.

यादी झाली की उत्तर बहुधा आपोआप समोर येतं. दुसऱ्या भागात ‘नाही’ जास्त असतील, म्हणजे परत बसवता न येणाऱ्या गोष्टी बऱ्याच असतील आणि यंत्र निरोगी असेल, तर अपग्रेड. सगळीकडं ‘आहे’ असेल, किंवा यंत्र आजारी असेल, तर क्लीन इन्स्टॉल. यंत्र आजारी आहे आणि ‘नाही’सुद्धा पुष्कळ आहेत, अशी अडचणीची स्थिती असेल तर आधी त्या ‘नाही’ची सोय करा. तोवर यंत्र इंटरनेटपासून तोडून वापरा.

आणि कॉपी केली एवढ्यावर थांबू नका. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडतो का? मराठी फाइल वाचता येते का? फोटो दिसतात का, की नुसती नावं आली आहेत? न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोजता घेतलेली रक्कम.

जुनी डिस्क कपाटात

या दोन वाटांच्या मधून जाणारी एक तिसरी वाट आहे आणि दुकानदारांना ती मी आवर्जून सुचवतो. जुन्या संगणकात फिरणारी हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली की यंत्राचा वेग इतका बदलतो, की अनेकांना नव्या संगणकाची गरजच उरत नाही. मग असं करा. नवी एसएसडी घ्या, जुनी डिस्क काढून ठेवा, आणि कोरी विंडोज नव्या एसएसडीवर टाका. जुन्या डिस्कवर काहीही पुसायचं नाही. ती कापडात गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात ठेवून द्या. काही विसरलं असेल तर सहा महिन्यांनीही ती जोडून फाइल काढता येते. नवी मांडणी फसलीच, तर जुनी डिस्क परत लावून दुसऱ्या दिवशी दुकान उघडता येतं. फॉरमॅटचा सगळा फायदा मिळतो आणि परतीचा रस्ता दहा दिवसांत बंद होत नाही.

ज्यांचं यंत्र विंडोज ११मध्ये बसतच नाही, त्यांचं काय? घरगुती वापराच्या विंडोज १०साठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा दुरुस्त्यांची मुदतवाढ जाहीर केली. त्यासाठी नोंदणी मात्र करावी लागते. दुसरा मार्ग लिनक्सचा. ही प्रणाली फुकट आहे, जुन्या यंत्रावर हलकी चालते, युनिकोड मराठी तिच्यात नीट लिहिता येतं. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेनंही ‘बॉस’ नावानं ती तयार केली आहे, आणि केरळातल्या सरकारी शाळा अनेक वर्षं अशा मुक्त प्रणालीवर चालतात. पेनड्राइव्हवरून चालवून, काहीही न पुसता, आधी ती बघताही येते. शाळेच्या संगणक खोलीसाठी किंवा घरच्या अभ्यासासाठी ती चांगली. सेवा केंद्रासाठी मात्र नाही, कारण ठशांची यंत्रं आणि सहीचे प्रोग्रॅम बहुतेक विंडोज धरूनच बनवलेले असतात.

मुहूर्त

शेवटचा मुद्दा वेळेचा. हे काम घाईत करायचं नसतं. सेवा केंद्रानं जून-जुलैत, म्हणजे शाळा-कॉलेजचे प्रवेश आणि खरिपाच्या पीकविम्याच्या दिवसांत, संगणक उघडू नये. आडतीनं हळदीचा हंगाम आणि मार्चअखेर टाळावी. पत्रिकेच्या दुकानाला पितृपक्षाइतका चांगला काळ नाही, कारण त्या पंधरवड्यात पत्रिका छापायला कोणी येत नाही. काम सुरू करण्याआधी यूपीएस किंवा इन्व्हर्टर भरलेला असावा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवावा. विंडोज चढत असताना वीज गेली तर यंत्र अर्ध्यावर अडकू शकतं. फिरत्या डिस्कवर अपग्रेडला काही तासही लागतात. मधेच ‘अडकलं वाटतं’ म्हणून बटण दाबून बंद करू नये. ते पाच मिनिटं एकाच आकड्यावर थांबलं म्हणजे अडकलंच असं नाही.

आणि दुरुस्तीवाल्याकडं यंत्र नेणार असाल तर यंत्र त्याच्या हातात देण्याआधी तीन प्रश्न विचारा. तू सी ड्राइव्ह पुसणार आहेस का? माझी डिस्क पुसण्याआधी तिची प्रत कुठं ठेवणार? काही राहिलं तर परत कसं मिळेल? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. उत्तर ‘काही होत नाही हो, टेन्शन नका घेऊ’ असं आलं, तर यंत्र घरी परत आणा आणि आधी ती यादी पूर्ण करा.

विंडोजच्या आवृत्त्या येत राहतील. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ला संपली, विंडोज ७ची १४ जानेवारी २०२०ला, १०ची २०२५ला. अकराचीही कधीतरी संपेल आणि हाच प्रश्न तुमच्यासमोर पुन्हा येईल. त्या वेळी तुमच्याकडं ती तीन भागांची यादी तयार असली, तर अपग्रेड की फॉरमॅट हे ठरवायला पाच मिनिटं पुरतील. आज संध्याकाळी अर्धा तास काढा, कागद घ्या आणि पहिल्या भागापासून सुरुवात करा.